विन्या, त्या दिवशी भाजी खारट होती

विन्या,

तू गेल्याची बातमी पांढुर्ण्याहून सौंसरला पोचेपर्यंत चारदा बदलली. मंडीत माझ्या कानावर आली तेव्हा तू दिल्लीला कुठल्याशा मोठ्या सभेत भाषण देता देता गेला होतास, लोक उभं राहून टाळ्या वाजवत असताना. मी म्हटलं, शक्यच नाही. हा माणूस टाळ्या चालू असताना जाणार नाही. हात वर करून आधी टाळ्या थांबवेल, "आकडा एकदा तपासून घ्या" म्हणेल आणि मग जाईल. खरं तर तू आपल्याच ओट्यावर गेलास, चहा घेता घेता, वहिनींना "साखर कमी आहे" इतकंच सांगून. एवढा साधा शेवट तुला शोभत असेल, मला नाही पटत. म्हणून दिल्लीवाली गोष्ट मी खोडून काढली नाही. उलट तिच्यात एक मंत्री घातला, रडणारा.

रागावू नको. आपलं हे भांडण शाळेच्या बाकापासूनचं. जाम नदीला पूर आला तेव्हा म्हैस पुलावरून उडाली असं मी वर्गात सांगितलं, तर तू उभा राहिलास. "सर, उडाली नाही, वाहून गेली. आणि म्हैस नव्हती, लहानशी वगार होती." छड्या दोघांनाही बसल्या. मला थाप मारल्याबद्दल, तुला मधे बोलल्याबद्दल. पुढे तू दातांचा डॉक्टर झालास नि मी संत्र्याचा दलाल, पण मी उडवायचं नि तू खाली उतरवायचं, हा धंदा काही थांबला नाही.

मग एक दिवस तू मंडीत माझ्या पेट्यांच्या ढिगावर येऊन बसलास. पँट खराब होईल याचीही तुला शुद्ध नव्हती.

"बब्या, मी तोंडाच्या कॅन्सरवर अभ्यास करून राहिलो."

"कर ना. मी काय तुझी पुस्तकं लपवली?"

"पुस्तकातलं नाही बे. गावात जाऊन लोकांची तोंडं पाहाची. सापडते किती, हे तर पाहाचंच. पण मले खरं पाहाचं हाये का सापडलेला माणूस नागपूरच्या दवाखान्यापर्यंत पोचते का. कॅम्पात दिसते, चिठ्ठी घेते, हो म्हणते, नि मधातच कुठं तरी गायब होते. कुठं होते? काऊन होते?"

"म्हणजे फळगळ," मी म्हणालो.

तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं मी पहिल्यांदाच खरं बोललो. आपल्याकडच्या कुठल्याही बागवाल्याला विचार. बहार चांगला फुटतो, झाड लदबदून जातं, आणि तोडीच्या वेळी टोपलीत फळ नसतं. कुठे गळलं, कशानं गळलं, हे ज्याला कळत नाही त्याची बाग गेली. तुझ्या अभ्यासाला कागदावर इंग्रजीत हातभर लांब नाव होतं. आपल्या दोघांत मात्र ती फळगळच राहिली. आणि मी, ज्याला ताप मोजायचाही कंटाळा, त्या संशोधनाचा माणसं गोळा करणारा झालो. पगार शून्य, शिव्या भरपूर.

पहिला कॅम्प आठवतो ना? गावाचं नाव घेत नाही, त्यांचीही अब्रू आहे. बोरगावच्या पलीकडे कुठेतरी समज. मागे बॅनर, त्यावर तंबाखूच्या राक्षसाचं चित्र. पुढे सरपंच. नागपूरहून आलेल्या तुझ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचा सत्कार झाला. शाल आली, नारळ आला, आणि मग स्टीलच्या ताटात रुमालाखाली झाकून आला खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून घोटून नरम केलेला, पाहुण्यांना प्रत्येकी एक पुडी.

"घ्या ना मॅडम," सरपंच हात जोडून म्हणाला. "तुमच्यासाठी मुद्दाम चुना कमी टाकाले लावला."

पाहुण्याला दुसरं काय देतात, हे त्या भल्या माणसाला ठाऊकच नव्हतं! मॅडमनी घाबरून पुडी पर्समध्ये ठेवली. तू बॅनरकडे पाहिलंस, ताटाकडे पाहिलंस, आणि मला वाटलं आता हा मंडप पेटवतो. पण तू हसत सुटलास. इतका हसलास की खुर्ची मोडली. (मोडली होती. तू नेहमी म्हणायचास की आधीच मोडकी होती. आता तू नाहीस, तर मोडली.) त्या दिवशी तोंड दाखवायला आल्या तीन म्हाताऱ्या, ज्यांना दातही नव्हते नि खर्राही माहीत नव्हता. खर्रेवाले सगळे पिंपळाखाली उभे राहून मजा पाहत होते, तोंड गच्च मिटून.

परत येताना मी म्हणालो, "लेका, टॉर्च पाहून माणूस पळते. रोडगे पाहून येते."

"हे संशोधन आहे बब्या, बारसं नाही."

"मग बस एकटाच टॉर्च घेऊन."

आठवडाभर तू अबोला धरलास. मग माझ्या दारात येऊन विचारलंस, "वांगी कुठून आणायची?"

तिथून आपली बरकत सुरू झाली, विन्या. बोरगावच्या बागेत, संत्र्याच्या सावलीत गोवऱ्यांचा फुललेला आर, त्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. आणि भाजी कोणाची? माझ्या शकुताईची. माझी मोठी बहीण म्हणून सांगत नाही, तिची भाजी एकदा सौंसरला शिजली तर वास छिंदवाड्याच्या बसमध्ये चढायचा आणि कंडक्टर त्याचं तिकीट मागायचा. तिखट असं की जेवणारा रडत रडत अजून वाढा म्हणायचा. लोक लोटले. जेवायची फी एकच, ती तू ठरवलेली. जेवण झालं की हात धुवायच्या जागी यायचं, चूळ भरायची, आणि तोंड उघडंच आहे तर उघडंच ठेवायचं. तिथे तू टॉर्च घेऊन उभा. ज्याची त्याची तीन बोटं उभी तोंडात जातात का, म्हणजे तोंड पुरतं उघडतं का, पाहायचास, गाल आतून पाहायचास, जीभ वर करायला लावायचास. तुपाच्या धारेवर पोसलेला माणूस नाही म्हणत नाही. पिंपळाखालचे सगळे आले. सरपंच दोनदा जेवला नि दोनदा तपासला गेला.

मी हवेत होतो. आणि पुढच्या एका पंगतीत तू रोडग्याचा एक घास घेऊन थांबलास.

भाजी खारट होती. साधी खारट नाही, समुद्र होता. सगळी पंगत ती मुकाट गिळत होती, कारण शकुताईला "मीठ जास्त झालं" असं सांगणारा मर्द अजून आपल्या तालुक्यात जन्मायचा आहे. मीसुद्धा पाणी पीत पीत वाहवा करत होतो. तू ताट घेऊन उठलास आणि चुलीजवळ तिच्यासमोर जाऊन बसलास.

"ताई, आज भाजी चाखली नाहीस?"

"माझा उपास हाये."

"मागच्या वेळी पण उपास होता."

"मग? देवानं काय तुले विचारून वार ठेवले?"

"त्याच्या मागच्या वेळी तू दहीभात खाल्लास. वेगळ्या डब्यातून आणलेला. तुझी भाजी तुलाच झोंबून राहिली का?"

ताईनं पदर तोंडावर घेतला. मी दुरून पाहत होतो. मला राग आला, विन्या, तुझाच. तिच्या गालात तंबाखूची चिमूट असते, हे घरात सगळ्यांना माहीत नि सगळ्यांना अमान्य. गोष्ट अशी चार माणसांत काढायची असते?

"तोंड दाखव, ताई."

"तुले लाज नाई वाटत? बाईमाणसाचं तोंड पाहून राहिला!"

"नाही वाटत. दाखव."

"मरन, पण दाखवणार नाई."

तू ताट समोर ठेवलंस आणि जेवायला लागलास. तुझा रक्तदाब वाढलेला, मीठ तुला बंद, वहिनी तुझ्या पापडातलं मीठसुद्धा झटकून देत, आणि तू तो समुद्र चमच्या-चमच्यानं पीत होतास. ताट रिकामं केलंस. पुढे केलंस. "वाढ."

ताईनं वाढलं. तू तेही संपवलंस. कपाळावर घामाचे थेंब, डोळे लाल. "वाढ."

"विनू, मरशील ना रे बावा!"

"तू तोंड उघडेपर्यंत जेवन. मग आपण दोघंही मरू, बब्याले सांगाले गोष्ट होईन."

तिसऱ्यांदा डाव भाजीत बुडाला, आणि तिथेच राहिला. शकुताईनं पदर बाजूला केला. चुलीच्या उजेडात तोंड उघडलं. पूर्ण उघडतच नव्हतं. उजव्या गालाच्या आत, तुरीच्या डाळीएवढा चट्टा, पांढरा नि मधे लाल. तू टॉर्च लावून फार वेळ पाहिलंस. टॉर्च बंद केलास. आणि मी, ज्यानं तोंडाच्या कॅन्सरवर गावोगावी भाषणं ठोकली होती, बागेच्या कुंपणापर्यंत जाऊन आलो.

आता खरी फळगळ सुरू झाली, आणि ती आमच्याच झाडाची. आधी ताईची दीर मंडळी म्हणाली, तपासायला गालाचा तुकडा काढला की कॅन्सर पसरते. मग शेजारीण म्हणाली, पसरते. मग ज्याला विचारलं नव्हतं तो पानवाला म्हणाला, पसरते. ताई मान डोलवून म्हणाली, "सोयाबीन काढून झाल्यावर पाहू." तू रोज संध्याकाळी पांढुर्ण्याहून यायचास. भांडायचा नाहीस. ओसरीवर बसून तेच तेच सांगायचास, तुकडा काढल्यानं पसरत नाही, न काढता बसल्यानं पसरते. चौथ्या का पाचव्या दिवशी ताई चिडून म्हणाली, "याची एस.टी. बंद करा कोणीतरी, मी जाते नागपूरले!"

तो बसचा प्रवास. आपलं भांडण तिथे पेटलं आणि अजून विझलं नाही.

ताई खिडकीशी, मी मधे, तू कडेला. पायाखाली माझी संत्र्याची पेटी, दवाखान्यातल्या लोकांना द्यायला. बस सौंसरच्या बाहेर पडली नि ताई म्हणाली, "सावनेरले मी उतरते. तिथं नणंद हाये. दोन दिवस राहते नि वापस."

मी गोष्ट काढली. दुसरं मला येतं काय? आजोबांच्या बागेत एक संत्रं इतकं मोठं झालं की पांढुर्णा स्टेशनावर मालगाडीच्या डब्यात मावेना, म्हणून त्याला इंजिनाच्या मागे दोर बांधून घरंगळत नागपूरला न्यायचं ठरलं. मी ठरवलं होतं, आपण दवाखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत ते संत्रं नागपूरला पोचू द्यायचं नाही, म्हणजे ताई ऐकत बसून राहील. ताई ऐकत होती. राज्याची सीमा गेली. संत्रं उताराला लागलं. आणि मधेच तिनं माझ्यावरून वाकून तुला विचारलं,

"विनू, मी वाचीन का?"

"शंभर टक्के!" मी ओरडलो. "दीडशे टक्के!"

तू म्हणालास, "माहीत नाही, ताई."

बसमध्येच तुझा गळा धरावा असं मला वाटलं.

"माहीत नाही," तू शांतपणे म्हणालास. "लवकर सापडलं आहे, म्हणून आशा पुष्कळ आहे. गालाचा आतला भाग काढतील, कदाचित दुसरीकडची कातडी लावतील. मग किरणांचा शेक घ्यावा लागला तर तोंड कोरडं पडेल, अन्नाची चव जाईल काही दिवस. त्रास आहे. पण तू घरी बसलीस तर काय होईल ते मला नक्की माहीत आहे."

सावनेरच्या स्टँडवर बस थांबली. ताई उठली. आम्ही दोघंही गुडघे बाजूला करून बसलो, अडवलं नाही. ती वाकली, इकडेतिकडे पाहिलं, आणि परत बसली. बस सुटली.

तू म्हणायचास, ती खऱ्यामुळे थांबली. मी म्हणायचो, संत्र्यामुळे. तू म्हणायचास, घाबरलेल्या माणसाला खोटी खात्री दिली की पहिल्या दुखण्याला तो आपल्याला सोडून जातो. मी म्हणायचो, खरं कोरडं दिलं तर घशाखाली उतरत नाही. पुढे प्रत्येक पेशंटसोबत एक सोबती पाठवायचा तू नियम केलास, जो ही वाट आधी चालून आला आहे असा. मला "सोबत्यांनी काय बोलू नये" यावर वर्ग घ्यायला लावलास. माझी सगळी वाक्यं फळ्यावर लिहून! लोक हसून लोळले. पण दवाखान्याच्या वाटेवर गळणारे कमी झाले, हे तू स्वतः म्हणालास, आणि तू काही उगाच म्हणणारा नव्हेस.

ताईचं ऑपरेशन झालं. शेक झाला. ते दिवस मी सांगत नाही. त्या दिवसांत वाढवण्यासारखं काही नव्हतं, होतं तेच पुरेसं मोठं होतं. ती पातळ पेज गिळायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. तू तिला आईस्क्रीमच्या काड्या आणून दिल्यास, दातांत धरायला, म्हणजे आखडलेलं तोंड हळूहळू उघडेल. आधी थोड्या, मग एक वाढवायची, दुखलं तरी धरायची. ताई चिडली की काड्या तुझ्या अंगावर फेकायची. तू गोळा करून, धुऊन परत द्यायचास. शेवटी तिनं इतक्या काड्या तोंडात धरल्या की पांढुर्ण्यात कुल्फीवाल्यांना हातात कुल्फी द्यावी लागली. बरं, हातात नाही. पण द्रोणात तर नक्कीच. आणि ज्या दिवशी तिची तीन बोटं उभी आत गेली, त्या दिवशी ती मला सोडून तुला दाखवायला धावली. सख्खा भाऊ दारात उभा!

वर्षं गेली. आता ती बाई सोबत्यांची म्होरकी आहे. नागपूरच्या त्या दवाखान्यात तिला पाहून वॉर्डबॉय स्टूल सोडतात. एक गाल जरा ओढलेला, बोलणं त्याच एका बाजूनं येतं, पण येतं ते असं की बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाही, ताई आहेत म्हणतो.

तुझ्या तेरवीच्या दिवशी, वहिनींकडची पंगत उठल्यावर, मी तिला विचारलंच. तू गेलास, आता निकाल लागायला हवा होता. "ताई, खरं सांग. सावनेरले तू काऊन उतरली नाहीस? विनूनं खरं सांगितलं म्हणून, का माझ्या गोष्टीसाठी?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी वेड्यांच्या बाजारातून आलोय.

"माझी चप्पल तुझ्या पेटीखाली अडकली होती ना मेल्या! अनवाणी उतरू काय? शोधून राहिली तं गाडी सुटली."

हरलो, विन्या. दोघंही हरलो. इतकी वर्षं आपण ज्यावर भांडलो तो मुद्दा एका चपलेनं निकाली काढला. मी हसलो, मग हसता हसता मला तुझी इतकी आठवण आली की मी मोरीत जाऊन तोंड धुवून आलो. हे तुला सांगायला हवं होतं. तू म्हणाला असतास, "बब्या, लिहून ठेव. पायात चप्पल असलेले आणि नसलेले, दोन गट करून पाहायला हवेत."

आणि परवा तुझी शोकसभा झाली. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून शोकसभेलाही सोफे लागतात. स्टेजवर तुझा फोटो, हारात असा बुडालेला की फक्त चष्मा दिसत होता. एक पुढारी अर्धा तास बोलला, गालात खर्रा दाबून, तुझ्या तंबाखूमुक्तीच्या कार्यावर. मग माझं नाव पुकारलं. मी दिल्लीवाली गोष्ट तयार करून गेलो होतो, मंत्र्यासकट. माईकपाशी पोचलो नि मागून कोणीतरी माझी कॉलर धरून बाजूला केलं. शकुताई.

"हार काढा त्याच्यावरचे," ती म्हणाली. "जन्मभर यानं तुमचं तोंड पाहाले मागितलं, नि तुम्ही यालेच झाकून टाकलं? विनूसाठी काही करायचं हाये ना? मग भाषणं बंद. तोंड उघडा."

लोक हसले. ती हसली नाही. तिनं स्वतःचं तोंड उघडलं, त्या सगळ्या गर्दीसमोर, जो गाल तिनं चुलीपुढेही लपवला होता तो दिव्याच्या झोतात धरला, शिवलेला, लावलेल्या कातडीचा, चांगला भरलेला. मग तिनं तुझ्या हाताखालच्या दोघी डॉक्टर पोरींना खूण केली. त्यांच्याकडे टॉर्च होतेच, तुझ्या सवयीनं. सुरुवात सोफ्यापासून. पुढाऱ्यानं "माझी मीटिंग आहे" म्हणून उठायला पाहिलं.

"बसा," ताई म्हणाली. "थुका आधी ते. मीटिंग नंतर."

त्याच्या गालात पांढरा चट्टा निघाला, विन्या. लहानच आहे, पोरी म्हणाल्या, वेळेत आहे. त्याचा चेहरा उतरला. ताईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "सोमवारी नागपूरची गाडी कितीची धरता? मी येते सोबत."

त्यानंतर कोणाला बोलवावं लागलं नाही. लोक आपणच उठून रांगेत लागले. शिक्षक, दुकानदार, तलाठी, बागवाले, ताईच्या मागे सौंसरहून आलेल्या बाया. आणि सूत्रसंचालक बिचारा, त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत आता मौन होतं, त्यानं ते जाहीर करून टाकलं. सगळे जिथे होते तिथे उभे राहिले, तोंडं तशीच उघडी. आवाज करायची सोयच नव्हती. मीही उभा, आ वासून, आणि टॉर्चचा उजेड एकेकाच्या टाळूवरून सरकत माझ्याकडे येत होता. तुझ्या फोटोवर आता एकही हार नव्हता. पांढुर्ण्यानं इतकं मोठं, इतकं पूर्ण मौन कोणासाठी पाळलं असेल असं मला वाटत नाही.

ते मोडलं ताईनं. वेळ संपायची वाट न पाहता. रांग दारातून निघून रस्त्यावर, पार स्टेशनच्या बाजूला वळली होती, आणि ती माईक तोंडाशी धरून ओरडत होती, "मागचे पुढं सरका! घाई करा, अर्धं पांढुर्णा बाकी हाये अजून!"